मेझेवमध्ये घर घ्यायचंय? आल्प्समधल्या महागड्या स्की-गावात घर घेण्याच्या आणि राहायला जाण्याच्या पायऱ्या

फ्रान्सच्या ओत-सावोआ भागात, समुद्रसपाटीपासून १,११३ मीटरवर मेझेव हे गाव आहे. पहिल्या महायुद्धानंतर रोथशील्ड घराण्यातल्या नोएमी यांनी मों-दार्ब्वाच्या उतारावर हॉटेल काढलं आणि हे शेतकऱ्यांचं गाव श्रीमंतांच्या नकाशावर आलं. पुढे वास्तुरचनाकार आंरी-जाक ल मेम यांनी इथल्या शेतघरांवरून स्की करणाऱ्यांसाठी लाकडी शॅले घडवली, आणि १९३३ मध्ये रोशब्रूनची केबल कार सुरू झाली. आज चांगल्या जागेला चौरस मीटरमागे दहा हजार युरोंहून जास्त मोजणं इथे नेहमीचं झालं आहे.

जिनिव्हाहून मेझेव गाडीने तासा-सव्वातासावर आहे. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांत, सर्न या संशोधन केंद्रात किंवा खासगी कंपन्यांत काम करणारी बरीच मराठी कुटुंबं शनिवार-रविवारी इकडे येतात. त्यांच्यातलं कुणी ना कुणी दर हिवाळ्यात आम्हाला विचारतं, "तुम्ही घर कसं घेतलंत?" आम्ही जिनिव्हातली नोकरी संपल्यावर इथे फ्लॅट घेतला आणि राहायलाच आलो. त्या वाटेवर जे कळलं ते क्रमाने लिहिते.

पायरी १ : घर घेणं आणि राहणं वेगळं आहे हे आधी समजून घ्या

फ्रान्समध्ये घर घ्यायला परदेशी माणसाला वेगळी परवानगी लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये परदेशी खरेदीदारावर कायद्याची मोठी बंधनं आहेत, त्यामुळे तिथून येणाऱ्याला हे फार सोपं वाटतं. भारतीय पासपोर्टवर तुम्ही मेझेवमध्ये उद्याही शॅले घेऊ शकता.

पण घराच्या कागदाने राहण्याचा हक्क मिळत नाही. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं, मग घर स्वतःचं असो की हॉटेल. त्याहून जास्त राहायचं असेल तर दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा. काम न करता राहणाऱ्यांसाठी 'व्हिझितर' व्हिसा असतो. त्यासाठी पुरेसं उत्पन्न, राहायची जागा आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि फ्रान्समध्ये नोकरी-धंदा करणार नाही असं लिहून द्यावं लागतं. पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करायचा, आणि पुढे दरवर्षी प्रेफेक्च्युर, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या कार्यालयाकडून नूतनीकरण.

जिनिव्हात नोकरी करणाऱ्यांसाठी इथे मोठा खड्डा आहे. स्विस 'बी' परमिट हे स्वित्झर्लंडमध्ये राहण्याशी बांधलेलं असतं. मेझेवला मुक्काम हलवून रोज जिनिव्हाला कामाला जायचं तर सीमेपलीकडून येणाऱ्यांचं 'जी' परमिट लागतं. युरोपीय नागरिकाला ते सहज मिळतं. भारतीय पासपोर्ट असलेल्याकडे मात्र आधी फ्रान्समधला कायमस्वरूपी निवासाचा हक्क हवा आणि सीमाभागात किमान सहा महिन्यांचं वास्तव्य हवं. म्हणून नोकरी चालू असेपर्यंत बहुतेकांसाठी मेझेवचं घर हे सुटीचंच घर राहतं. हे मनाशी पक्कं केल्याशिवाय एजंटला फोन करू नका.

पायरी २ : पैशांचा हिशेब, किमतीच्या पलीकडचा

जाहिरातीतल्या किमतीत एजंटची फी धरलेली आहे का हे पहिल्यांदा विचारा. बहुधा असते, पण विचारा.

त्यावर येतो 'फ्रे द नोतेर', म्हणजे खरेदीखत करून देणाऱ्या नोतेर या कायदेतज्ज्ञाकडे भरायचा खर्च. नाव नोतेरचं असलं तरी यातला मोठा भाग सरकारी कर असतो, आपल्याकडच्या मुद्रांक शुल्कासारखा. जुन्या घराला किमतीच्या साधारण ७ ते ८ टक्के, नव्या बांधकामाला २ ते ३ टक्के. ही रक्कम कर्जातून मिळेल असं गृहीत धरू नका.

कर्ज देताना फ्रेंच बँका सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत आहेत का ते पाहतात, आणि मुदत सहसा २५ वर्षांपर्यंतच. फ्रान्सबाहेर राहणाऱ्याकडून स्वतःची रक्कम जास्त मागतात. पगार स्विस फ्रँकमध्ये आणि कर्ज युरोमध्ये असेल तर दर बदलल्यावर हप्ता पेलेल का, याचा हिशेब बँकेने मांडायच्या आधी स्वतः मांडा.

भारतात राहून पैसे पाठवणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी दर आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात. पती-पत्नी आपापली मर्यादा एकत्र करून संयुक्त नावावर घर घेऊ शकतात. वर्षाला दहा लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर तेवढी रोकड अडकते. आणखी एक, पाठवलेली रक्कम १८० दिवसांत गुंतवली नाही तर परत आणावी लागते. म्हणून घर नक्की होण्याआधी पैसे पाठवून ठेवू नका.

पायरी ३ : गाव फेब्रुवारीत नाही, नोव्हेंबरात बघा

फेब्रुवारीत मेझेव देखणंच दिसतं. छपरांवर बर्फ, चौकात घोडागाड्या, दुकानं उजळलेली. घर घेण्याचा निर्णय मात्र नोव्हेंबरात किंवा मेमध्ये करावा. तेव्हा निम्मी उपाहारगृहं बंद असतात, लिफ्ट थांबलेल्या असतात, पाऊस रिपरिपत असतो आणि रस्त्यावर दिसतात ती फक्त इथे खरोखर राहणारी माणसं. त्या दिवसांतही गाव आवडलं तर इथे राहणं तुम्हाला जमेल.

तेव्हाच दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे ऊन. डोंगराच्या सावलीतल्या घरात डिसेंबर-जानेवारीत ऊन किती तास येतं हे शेजाऱ्यांना विचारा. त्यावर तुमचं हीटिंगचं बिलही ठरतं आणि मनही. दुसरं म्हणजे रस्ता. घरापर्यंतचा शेवटचा तुकडा खासगी असेल तर बर्फ काढण्याचा खर्च मालकांनी मिळून करायचा असतो. उताराचा खासगी रस्ता, त्यावर वळण आणि वर उघडं पार्किंग असं दिसलं तर पुन्हा विचार करा.

भाग कोणता घ्यावा? मधलं जुनं गाव पायी फिरायचं आहे, सेंट जॉनच्या चर्चभोवती सगळं हाताशी, आणि सगळ्यात महाग. रोशब्रून आणि मों-दार्ब्वा उतारांच्या जवळ. जायेची बाजू थोडी शांत. जाहिरातीत 'मेझेव' लिहिलेलं घर कधी कधी प्रत्यक्षात शेजारच्या दमी-कार्तिए या वेगळ्या गावच्या हद्दीत असतं. त्या गावाची नगरपालिकाही मेझेवमध्येच असल्याने गोंधळ वाढतो. घर वाईट नसतं, पण बांधकामाचे नियम आणि कर त्या गावाचे लागतात. कोंब्लू आणि प्राझ-स्यूर-आर्ली ही शेजारची गावंही बघा. भाव उतरतो आणि मों-ब्लाँ शिखर तेच दिसतं, कोंब्लूतून तर जास्तच चांगलं.

बर्फाबद्दल स्पष्ट सांगते. हे गाव उंचीने कमी आहे. वरचे उतार २,३०० मीटरच्या पुढे जातात, पण गावाच्या पातळीवर आता दर हिवाळ्यात भरवशाचा बर्फ नसतो. डिसेंबर ते एप्रिल दारातून स्की करत निघायचं हेच स्वप्न असेल तर व्हाल-दिझेर किंवा व्हाल-तोरान्स बघा. मेझेव हे आधी गाव आहे, मग स्की स्टेशन. आम्हाला तेच हवं होतं.

पायरी ४ : सहीआधी हे कागद मागा आणि वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विक्रेत्याने तपासणी अहवालांचा एक गठ्ठा द्यायचा असतो, तो कायद्याने बांधलेला आहे. पण देणं त्याचं काम आणि वाचणं तुमचं.

*क्षेत्रफळ.* फ्लॅटसाठी 'ल्वा कारेझ' या कायद्याप्रमाणे मोजलेलं क्षेत्रफळ लिहावंच लागतं. यात १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा धरत नाहीत. शॅलेच्या उतरत्या छपराखालच्या फ्लॅटमध्ये हा फरक प्रचंड पडतो. जाहिरातीत फरशीचं सगळं क्षेत्रफळ मोठ्या अक्षरांत असतं आणि कारेझचं बारीक अक्षरांत. भावाची तुलना नेहमी कारेझच्या आकड्यावर करा. प्रत्यक्ष माप लिहिलेल्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरकाने कमी निघालं तर खरेदीखतापासून वर्षभराच्या आत किंमत कमी करून मागता येते. 'क्वें मोंताञ' म्हणजे बंक बेडचा, बहुधा बिनखिडकीचा कोपरा. त्याला बेडरूम समजून पैसे देऊ नका.

*ऊर्जा श्रेणी.* डीपीई नावाच्या अहवालात घराला ए ते जी अशी श्रेणी असते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या, विजेवर तापणाऱ्या इमारती बरेचदा खालच्या श्रेणीत येतात. १ जानेवारी २०२५ पासून जी श्रेणीचं घर कायमच्या भाडेकरूला नव्याने देता येत नाही. २०२८ पासून एफ आणि २०३४ पासून ई यांच्यावरही तीच बंदी येईल. तुम्हाला भाड्याने द्यायचं नसलं तरी उद्या विकताना ग्राहक हेच बघेल.

*डोंगराचे धोके.* 'एता दे रिस्क' हा धोक्यांची माहिती देणारा कागद सहा महिन्यांच्या आतला हवा. त्यावरून नगरपालिकेचा धोक्यांचा नकाशा उघडा: लाल पट्टा, निळा पट्टा, ओढा कुठून जातो, भूस्खलन कुठे झालं, हिमस्खलनाची वाट कोणती. निळ्या पट्ट्यात बांधकामाला अटी असतात. मेरीत, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन विचारलं तर नकाशा समोर पसरून समजावून सांगतात.

*सोसायटीचे कागद.* फ्लॅट असेल तर गेल्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा आणि शब्द न् शब्द वाचा. फ्रेंच येत नसेल तर अनुवादकाला पैसे द्या, ते वसूल होतात. छप्पर, बॉयलर, लिफ्ट, बाहेरची भिंत यांच्या कामांची चर्चा कुठे सुरू झाली आहे? कोण वर्गणी थकवतं? कोर्टात काही चालू आहे? पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्तीचा आराखडा मंजूर आहे का? सभेत मंजूर झालेल्या कामाचे पैसे, हप्ता मागितला जातो तेव्हा जो मालक असेल त्याने भरायचे असा साधारण नियम आहे. विक्रीआधी मंजूर झालेलं छपराचं काम तुमच्या माथी येऊ शकतं. ते विक्रेत्याने द्यायचं असं साठेखतात लिहून घेता येतं, आणि ते लिहून घ्यायलाच हवं.

याशिवाय स्कीचं कपाट, तळघर आणि पार्किंग यांचे लॉट क्रमांक कागदावर आहेत का ते पाहा. "ते वापरायला मिळतं" हे तोंडी वाक्य कामाचं नाही.

पायरी ५ : नोतेर स्वतःचा घ्या

नोतेर हा सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ. तो दोन्ही बाजूंसाठी निःपक्ष असतो, तरीही तुमचा स्वतंत्र नोतेर घ्या. दोन नोतेर असले तरी फी तेवढीच लागते. ते आपसात वाटून घेतात. एजंट सांगेल की एकाने काम लवकर होतं. ऐकू नका.

भारतीय, विशेषतः मराठी, जोडप्यांना नोतेरकडे दोन प्रश्नांवर वेळ लागतो.

पहिला नावाचा. फ्रेंच कागदावर बाईचं नाव जन्माच्या आडनावाने येतं. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि जन्मदाखला, पासपोर्ट, बँक खातं या तिन्हींवर तीन वेगळी नावं निघतात. जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि पासपोर्ट ही साखळी जुळवून ठेवा, नावबदलाचं राजपत्र असेल तर तेही.

दुसरा प्रश्न असा येतो: लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा कुठल्या देशात संसार थाटलात? पती-पत्नीची मालमत्ता एकत्र धरायची की वेगळी, हे बरेचदा त्यावर ठरतं. लग्न पुण्यात झालं आणि संसार जिनिव्हात सुरू झाला तर उत्तर वेगळं येऊ शकतं. त्याच बैठकीत वारशाचंही विचारा. फ्रेंच कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो: एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन-तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन-चतुर्थांश. सगळं जोडीदाराच्या नावे करू, हे इथे आपोआप होत नाही.

सोबत ठेवायचे कागद:

- दोघांचे पासपोर्ट आणि निवास परवाने
- जन्मदाखले आणि विवाह प्रमाणपत्र, अपॉस्टीलसह (परदेशात वापरण्यासाठीचं सरकारी प्रमाणीकरण), शपथबद्ध अनुवादकाच्या फ्रेंच भाषांतरासह
- पत्त्याचा पुरावा, पगारपत्रकं किंवा निवृत्तिवेतनाचे कागद, करविवरणपत्रं
- पैसा कुठून आला त्याचा पुरावा. नाशिकचा प्लॉट विकला असेल तर त्याचं खरेदीखत आणि बँकेचा उतारा, आई-वडिलांनी दिला असेल तर बक्षीसपत्र
- सहीला हजर राहता येणार नसेल तर मुखत्यारपत्र

फ्रेंच समजत नसेल तर सहीच्या वेळी दुभाषी लागतो. त्याची तारीख आधी ठरवा, हंगामात मिळत नाहीत.

पायरी ६ : साठेखत, दहा दिवस आणि खरेदीखत

किंमत ठरली की 'कोंप्रोमी' होतो, म्हणजे आपलं साठेखत. ५ ते १० टक्के इसारा नोतेरच्या खात्यात जमा होतो, विक्रेत्याच्या हातात कधीच देऊ नका. सही केलेली प्रत मिळाल्यावर दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला दहा दिवस मिळतात. त्यात कारण न देता माघार घेता येते आणि पूर्ण इसारा परत मिळतो. हा हक्क फक्त खरेदीदाराला आहे. ते दहा दिवस पायरी चारच्या कागदांवर पुन्हा एकदा नजर टाकायला वापरा.

कर्ज घेणार असाल तर कर्ज मंजूर झालं नाही तर व्यवहार रद्द, ही अट त्यात असते. रक्कम, व्याजदर आणि मुदत तिथे लिहिलेली असते. बँकेकडे अर्ज नेमका त्याच आकड्यांचा करा. जास्त रकमेचा अर्ज केला आणि तो नाकारला गेला तर विक्रेता म्हणू शकतो की अट तुम्हीच मोडली, आणि इसारा अडकतो.

कोंप्रोमीपासून अंतिम सहीपर्यंत साधारण तीन महिने जातात. नगरपालिकेला ते घर आधी विकत घेण्याचा हक्क असू शकतो, तिचं उत्तर यायला वेळ लागतो. या काळात घाई करून काही होत नाही.

उरलेली रक्कम पाठवताना एक काळजी घ्या. नोतेरच्या नावाने "आमचं खातं बदललं आहे" अशी ईमेल आली तर ती खोटी आहे असंच धरा. खाते क्रमांक नोतेरच्या कार्यालयात, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या फोन नंबरवर विचारून खात्री करा. या फसवणुकीत गेलेला पैसा क्वचितच परत येतो.

सहीच्या दिवशी सकाळी घर पुन्हा बघून घ्या. हीटिंग चालतंय, नळाला पाणी आहे, ठरलेलं सामान जागेवर आहे. सहीनंतर किल्ल्या आणि मालकीचं प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी झालेलं खरेदीखत काही महिन्यांनी येतं. वीज, विमा, इंटरनेट सगळ्याला ते प्रमाणपत्र पुरतं, त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. घराचा विमा मात्र सहीच्या दिवसापासूनच चालू हवा.

पायरी ७ : दरवर्षीचा खर्च आणि कर

'ताक्स फॉन्सिएर' हा मालमत्ता कर सगळ्यांना. 'ताक्स दाबितास्यों' हा घरात राहण्यावरचा कर २०२३ पासून फक्त दुसऱ्या घरांना उरला आहे, आणि घरटंचाईच्या भागात पालिका त्यावर ६० टक्क्यांपर्यंत वाढीव कर लावू शकते. घरात कोण राहतं हे करखात्याच्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. तुम्ही कायमचे राहायला आलात आणि ते बदललं नाहीत तर दुसऱ्या घराचं बिल येत राहील.

फ्रान्समधल्या स्थावर मालमत्तेची निव्वळ किंमत १३ लाख युरोंच्या वर गेली की संपत्ती कर लागतो, फ्रान्सबाहेर राहणाऱ्यालाही. मेझेवमध्ये मोठ्या घराला ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही.

फ्रान्सचे कर-रहिवासी झालात की जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं. भारत आणि फ्रान्समध्ये दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण दाखवावं लागतंच. भारतातली बँक खातीसुद्धा दरवर्षी जाहीर करायची, आईबरोबर संयुक्त असलेलं जुनं बचत खातंही. न दाखवलेल्या प्रत्येक खात्याला १,५०० युरो दंड आहे.

भाड्याने देऊन खर्च भागवू असा बेत असेल तर आधी सोसायटीची नियमावली आणि मेरी, दोन्हीकडे विचारा. नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने पर्यटकांना भाड्याने देण्यावरचे नियम कडक केले आहेत. राहतं घर वर्षाला १२० दिवसांपर्यंत देता यायचं, पालिका ती मर्यादा आता ९० वर आणू शकते. करातली सूटही घटली आहे. भाड्याच्या उत्पन्नावर कर्जाचा हप्ता मांडू नका.

यामागचं कारण गावात राहिल्यावर दिसतं. वर्षातले बहुतेक महिने खिडक्या बंद असलेली घरं रांगेने उभी आहेत, आणि स्की लिफ्टवर, बेकरीत, दवाखान्यात काम करणाऱ्यांना खाली सालांशच्या खोऱ्यातून रोज वर यावं लागतं. आपणही बाहेरूनच आलो आहोत. शक्य असेल तर हंगामी कामगाराला पूर्ण हिवाळ्यासाठी खोली द्या. उत्पन्न आठवड्याच्या भाड्यापेक्षा कमी येईल, पण गावाला त्याची फार गरज आहे.

पायरी ८ : पहिला हिवाळा

१ नोव्हेंबर ते ३१ मार्च गाडीला हिवाळी टायर किंवा डिकीत साखळ्या असणं या भागात बंधनकारक आहे. टायर ऑक्टोबरातच बदला, नंतर गॅरेजमध्ये तारीख मिळत नाही. साखळी लावायचा सराव कोरड्या अंगणात करून ठेवा.

घर बंद करून जाताना हीटिंग पूर्ण बंद करू नका, पाणी गोठणार नाही एवढ्यावर ठेवा. लांब जाणार असाल तर मुख्य कॉक बंद करून नळ रिकामे करा. घर सलग किती दिवस रिकामं राहिलेलं विम्याला चालतं ते पॉलिसीत वाचा. शेकोटी असेल तर धुराड्याची दरवर्षी सफाई करून पावती ठेवा, आणि उघडी शेकोटी असेल तर ती पेटवायची मुभा आहे का ते मेरीत विचारा. आर्व नदीच्या खोऱ्यातल्या धुरामुळे त्यावर निर्बंध आले आहेत.

स्कीच्या उतारावर अपघात झाला तर खाली आणण्याचे पैसे लागतात. हंगामाच्या पासाबरोबर विमा घ्या. रुग्णालय सालांशमध्ये आहे. तातडीला १५ किंवा ११२. गावातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं काम आल्या आल्या करा.

किराणा गावात मिळतो, महाग. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, कोकम यासाठी जिनिव्हाच्या पाकी भागातली भारतीय दुकानं. आम्ही नोव्हेंबरात एकदाच भरपूर आणतो, कारण डिसेंबरात शनिवारी सालांशहून वर येणारा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो.

आणि फ्रेंच शिका, कामापुरतं तरी. दुकानात शिरताना आधी "बोंझूर" म्हणा, मग काय हवं ते सांगा. सोसायटीच्या सभेला जा, कळलं नाही तरी बसा. पुढच्या वर्षी छपराच्या कामावर मत द्यायची वेळ येईल तेव्हा शेजारी तुम्हाला ओळखत असतील. सभा बहुधा सुट्यांच्या दिवसांत ठेवतात आणि नोटीस किमान २१ दिवस आधी येते. तुमचा जिनिव्हाचा किंवा पुण्याचा पत्ता सोसायटीच्या व्यवस्थापकाकडे लेखी दिलेला असेल तरच ती तुमच्यापर्यंत पोहोचेल.